गहाण म्हणजे विक्री नव्हे

मीरा रोड, भाईंदर आणि काशिमीरा या पट्ट्यात आपल्या बांधवांचा धंदा बहुतेक गाळ्यातला आहे. कुणाची शिलाईची मशिने, कुणाचे एम्ब्रॉयडरीचे युनिट, कुणाचे स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करण्याचे काम, कुणाच्या बॅगा, आणि आमच्यासारख्यांची कापडाची गोदामे. धंदा आला की उधारी आली, उधारी आली की कर्ज आले, आणि कर्ज आले की तारण आले. तारणाच्या कागदावर सही करायला दोन मिनिटे लागतात. हप्ते थकले की मात्र एक दिवस दारावर नोटीस चिकटते, किंवा त्याहून वाईट म्हणजे नोटीस न येता चार माणसेच येतात. अशा वेळी आपला व्यापारी मनाशी धरून चालतो की सर्व संपले, ज्याने पैसे दिले तो आता मालक झाला. हा समज चुकीचा आहे. या एका समजापायी कित्येकांनी लढण्याआधीच किल्ल्या देऊन टाकल्या आहेत.

आम्ही वकील नाही, कापडाचे व्यापारी आहोत. परंतु व्यापाऱ्याला जसा ताक्याचा पन्हा समजला पाहिजे, तसा तारणाचा कायदाही थोडाफार समजला पाहिजे. त्याचे सार एका वाक्यात सांगता येते. कर्ज देणाऱ्याचा हक्क त्याच्या पैशावर असतो, तुमच्या वस्तूवर नाही. वस्तू ही केवळ त्या पैशाची हमी आहे. हमीपासून मालकीपर्यंत जाण्यासाठी त्याला कायद्याने आखून दिलेल्या वाटेनेच जावे लागते, आणि त्या वाटेवर तुमच्यासाठी जागोजागी थांबे ठेवलेले आहेत. हे थांबे कोणते, ते या लेखात पाहू.

कायदा मुळात काय म्हणतो

स्थावर मालमत्तेच्या गहाणाचा आपल्याकडील मूळ कायदा म्हणजे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. त्याच्या कलम ६० नुसार कर्ज फेडून गहाण सोडवण्याचा हक्क मालकाला आहे, आणि हा हक्क कराराच्या जोरावर हिरावून घेता येत नाही. 'अमुक तारखेपर्यंत पैसे न दिल्यास गाळा आपोआप सावकाराचा होईल' असे गहाणखतात लिहिले तरी त्या वाक्याने गाळा सावकाराचा होत नाही. एकदा जे गहाण, ते शेवटपर्यंत गहाणच, हे तत्त्व आपल्या न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितले आहे. सावकाराला वसुली करायची तर कलम ६७ प्रमाणे न्यायालयात दावा लावून हुकूमनामा मिळवावा लागतो.

याच कायद्याचे कलम ६९ आपल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे. न्यायालयात न जाता गहाण मालमत्ता विकण्याचा अधिकार या कलमाने फक्त तीन प्रसंगी दिला. पहिला, गहाण 'इंग्लिश मॉर्गेज' या प्रकारचे असेल आणि देणारा-घेणारा यांपैकी कोणीही हिंदू, मुसलमान किंवा बौद्ध नसेल. सरकार राजपत्रात आणखीही समाज या यादीत घालू शकते. दुसरा, गहाण घेणारे खुद्द सरकार असेल आणि दस्तात तसा अधिकार लिहून दिलेला असेल. तिसरा, मालमत्ता मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांत किंवा सरकारने अधिसूचित केलेल्या ठिकाणी असेल आणि दस्तात तसा अधिकार असेल. या प्रसंगांतही तीन महिने थांबण्याचे बंधन आहेच. म्हणजे इंग्रजी अमलातसुद्धा या देशातील सर्वसामान्य हिंदू-मुसलमानाचे घर न्यायाधीशाला न विचारता विकता येऊ नये, असाच नियम होता. खाजगी सावकाराला तो नियम आजही लागू आहे.

आपल्या फिकहमध्ये 'रहन'ची मांडणी याहून वेगळी नाही. मुदत संपली म्हणून रहन ठेवलेली वस्तू सावकाराच्या घशात जात नाही. ती मालकाचीच राहते आणि कर्ज तेवढे देणे राहते. इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता'मध्ये या विषयावर स्वतंत्र प्रकरण आहे. आणि सूरह बकरामध्ये कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याची जी आज्ञा आहे, ती तर आपण रोज ऐकतो आणि रोज विसरतो.

खरेदीखताचा सापळा

आता व्यवहारात काय घडते ते पाहा. आपल्यातील बरेच जण व्याजाचा संकोच म्हणून किंवा कागदपत्रे पुरी नाहीत म्हणून बँकेत जात नाहीत. मग ओळखीतून एखादा पैसे लावणारा गाठतात. तो गहाणखत करत नाहीच. तो म्हणतो, "चाचा, नुसता कागद आहे, विश्वासासाठी. पैसे द्या आणि कागद फाडून टाका." हा कागद म्हणजे चक्क नोंदणीकृत खरेदीखत असते, किंवा कुलमुखत्यारपत्र, किंवा सह्या केलेले कोरे स्टॅम्प पेपर. परतीचा शब्द तोंडी असतो, फार तर वेगळ्या चिठ्ठीवर. आमच्या माहितीतील एका जरीकाम करणाऱ्या कारागिराने मुलीच्या लग्नासाठी अशीच सही दिली. सात महिन्यांनी त्याच्याच खोलीत नवा माणूस 'मालक' म्हणून भाडे मागायला आला.

ही युक्ती नवीन नाही. दीडशे वर्षांपूर्वी पुणे-नगर भागातील शेतकरी अशाच कागदांनी गांजले होते. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे लोकांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, आणि ते लोण आजूबाजूच्या गावांत पसरले. इतिहासात त्याला दख्खनचे दंगे म्हणतात. त्यानंतर १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा करावा लागला. पुढे त्याच कायद्यात दुरुस्ती होऊन, खरेदीखताच्या पडद्यामागे खरा व्यवहार गहाणाचा होता काय, हे पाहण्याची मुभा न्यायालयांना मिळाली.

शहरातल्या माणसाला मात्र एक अडचण आहे. १९२९ च्या दुरुस्तीपासून मालमत्ता हस्तांतरण कायदा असे सांगतो की, परत विकण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली नसेल तर त्या व्यवहाराला मुदत खरेदीचे गहाण मानता येणार नाही. म्हणजे वेगळ्या चिठ्ठीवरच्या वचनाला न्यायालयात फारसा आधार उरत नाही. म्हणून आमचे पहिले आणि सर्वात कळकळीचे सांगणे हे की, कर्जासाठी खरेदीखत कधीही करून देऊ नका. द्यायचेच तर गहाणखत द्या, नोंदणी करून द्या, आणि त्यात रक्कम, दर व मुदत स्पष्ट लिहा.

ज्यांच्या हातून असा कागद गेला आहे त्यांनीही हातपाय गाळू नयेत. जुना १९४६ चा सावकारी कायदा जाऊन राज्यात २०१४ चा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम आला. त्याच्या कलम १८ प्रमाणे, सावकारीच्या व्यवहारात कर्जाचे तारण म्हणून घेतलेली स्थावर मालमत्ता सावकाराच्या ताब्यात गेली असेल, तर कागदाचे नाव विक्री असो वा आणखी काही, जिल्हा निबंधक चौकशी करून तो दस्त रद्द ठरवू शकतात आणि मालमत्ता परत देववू शकतात. आपल्यासाठी हे काम ठाण्याला सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांच्या कार्यालयात होते. मागे किती वर्षांपर्यंतचे व्यवहार तपासता येतील याला मर्यादा आहे, तेव्हा उशीर करू नये. विनापरवाना सावकारी करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. परवानाधारकाच्या व्याजालाही सीमा आहे. २०१४ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे बिगरशेती कर्जाला तारण असल्यास वर्षाला १५ टक्के आणि विनातारण असल्यास १८ टक्के. आपल्या बाजारात महिन्याला तीन टक्के हा दर लोक सहज बोलून जातात. त्याचे वर्षाचे ३६ टक्के होतात, हे बोलताना कुणी मोजत नाही.

बँकेचा मामला वेगळा

बँकांच्या बाबतीत २००२ साली मोठा बदल झाला. त्या वर्षी संसदेने सिक्युरिटायझेशन कायदा केला, ज्याला सर्वजण सरफेसी म्हणतात. त्याचे कलम १३ असे सुरू होते की, कलम ६९ मध्ये काहीही असले तरी बँक न्यायालयाच्या हस्तक्षेपाशिवाय आपले तारण वसूल करू शकेल. म्हणजे १८८२ पासून चालत आलेले ते संरक्षण बँकेपुरते एका ओळीने दूर झाले. आधी बँकेला न्यायालयाचे दार ठोठवावे लागे. आता कर्जदाराला न्यायाधिकरणाचे दार ठोठवावे लागते. हा फरक ज्याला समजला नाही तो नोटीस ड्रॉवरमध्ये टाकून 'केस चालेल तेव्हा बघू' म्हणत बसतो. केस चालतच नाही, आणि लिलाव होऊन जातो.

तरीही बँकेला मोकळे रान दिलेले नाही. न्यायाधीशाच्या जागी कायद्याने दिवस आणि पायऱ्या ठेवल्या आहेत. त्या अशा:

पहिली पायरी, खाते ९० दिवस थकून एनपीए झाल्यावर ६० दिवसांची लेखी मागणी नोटीस. तीत किती रक्कम आणि कोणते तारण हे लिहिलेले असले पाहिजे. या ६० दिवसांत तुम्ही लेखी हरकत घेऊ शकता. ती नाकारायची तर बँकेने १५ दिवसांत कारणांसह कळवले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने ८ एप्रिल २००४ रोजी मार्डिया केमिकल्सच्या खटल्यात हा कायदा वैध ठरवला, पण बँकेने हरकतींचा विचार करून कारणे सांगितली पाहिजेत हे त्याच निकालात बजावले. दाद मागण्यापूर्वी ७५ टक्के रक्कम भरण्याची जी अट होती, तीही त्याच निकालाने उडाली. ती अट राहिली असती तर आपल्यापैकी कुणालाच दाद मागता आली नसती.

दुसरी पायरी, ताबा. ताब्याची नोटीस मालमत्तेच्या दर्शनी भागावर लावावी लागते आणि सात दिवसांत दोन वर्तमानपत्रांत छापावी लागते, त्यांतील एक स्थानिक भाषेतील हवे. मराठी पेपरात 'ताबा सूचना' म्हणून ज्या चौकटी दिसतात त्या याच. अनेकदा हा ताबा आधी कागदावरचा असतो. प्रत्यक्ष किल्ल्या तुम्ही राजीखुशीने दिल्या नाहीत, तर बँकेने दंडाधिकाऱ्यांकडे शपथपत्रासह अर्ज करायचा असतो. आपला भाग ठाणे जिल्ह्यात येत असल्याने तो अर्ज ठाण्याच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो. दरवाजाचे कुलूप तोडणाऱ्या माणसाकडे त्या आदेशाची प्रत मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

तिसरी पायरी, विक्री. मंजूर मूल्यांकनकाराकडून किंमत काढून राखीव किंमत ठरवावी लागते, आणि कर्जदाराला विक्रीपूर्वी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. विक्रीतून कर्ज आणि खर्च वळते होऊन जे उरेल ते तुमचे आहे. कमी पडले तर उरलेली बाकी मात्र तुमच्याकडून वसूल होते.

कायद्यातील सूट देणारी कलमेही पाठ करावीत अशी आहेत. एक लाख रुपयांपर्यंतच्या तारणाला, शेतजमिनीला, आणि मुद्दल-व्याज मिळून २० टक्क्यांपेक्षा कमी बाकी राहिलेल्या कर्जाला हा कायदा लागू होत नाही. ज्याने ८० टक्क्यांहून अधिक फेड केली आहे, त्याच्या दारावर सरफेसीची नोटीस लावता येत नाही.

कर्ज देणारा कोण, हेही पाहिले पाहिजे. सहकारी बँकांना हा कायदा वापरता येतो की नाही यावर बरीच वर्षे वाद चालला. कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ५ मे २०२० रोजी 'येतो' असा निकाल दिला. बिगरबँक वित्त कंपनीला मात्र तिची मालमत्ता १०० कोटींची आणि कर्ज २० लाखांचे किंवा अधिक असेल तरच येतो. २०२१ पूर्वी ही मर्यादा ५० लाखांची होती. तेव्हा पाच-दहा लाख देणारी कंपनी 'सरफेसी लावू' म्हणून धमकावत असेल तर ती पोकळ धमकी आहे. पतसंस्था ही बँक नव्हे. तिला सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकांकडून वसुली दाखला घ्यावा लागतो आणि मग वसुली अधिकाऱ्यामार्फत जप्ती करावी लागते. पिग्मी गोळा करणारा पोरगा दुकानातला माल उचलून नेऊ शकत नाही.

दाद कोठे आणि केव्हा

ताब्याच्या कारवाईपासून ४५ दिवसांच्या आत कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. कारवाई बेकायदा ठरली तर ताबा परत मिळतो आणि नुकसानभरपाईही मागता येते. आपले लोक सवयीने ठाण्याच्या दिवाणी न्यायालयात मनाईहुकूम मागायला धावतात. सरफेसीच्या कलम ३४ ने तो दरवाजा जवळपास बंद केला आहे, आणि उच्च न्यायालयही 'आधी न्यायाधिकरणात जा' असेच सहसा सांगते. तेथे फिरण्यात ४५ दिवस निघून जातात.

आणखी एक तारीख डोक्यात ठेवावी. २०१६ च्या दुरुस्तीनंतर सर्व रक्कम भरून मालमत्ता सोडवण्याचा हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच आहे. मुंबईच्या बाफना मोटर्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये हे पक्के केले. पूर्वी लोक लिलावाच्या आदल्या दिवशी नातेवाइकांकडून पैसे गोळा करून जात. आता तोवर उशीर झालेला असतो.

लघुउद्योगाचे कवच

उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या कारखानदारांसाठी केंद्र सरकारची २९ मे २०१५ ची अधिसूचना आहे. २५ कोटींपर्यंतच्या कर्जाचे खाते अडचणीत येऊ लागले की एनपीए करण्यापूर्वी बँकेने सुधारणेचा मार्ग पाहायचा आणि प्रकरण समितीपुढे न्यायचे, असे ती सांगते. प्रो निट्स या विणकामाच्या धंद्यातील नावाच्या पेढीने कॅनरा बँकेविरुद्ध हा मुद्दा लढवला. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये तो मानला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑगस्ट २०२४ रोजी ही अधिसूचना बँकांवर बंधनकारक ठरवली. पण त्याच निकालात हेही म्हटले की, आपण लघुउद्योग आहोत हे योग्य वेळी कागदपत्रांनिशी सांगण्याची जबाबदारी कारखानदाराची आहे. सर्व कारवाई पुरी होईपर्यंत गप्प राहून शेवटी हा मुद्दा काढता येणार नाही. जुलै २०२५ मध्ये एनकेजीएसबी बँकेच्या प्रकरणातही न्यायालयाने हाच सूर कायम ठेवला. ६० दिवसांच्या नोटिशीला उत्तर देताना शपथपत्रासह हे सांगितले तर बँकेला त्याचा विचार करावा लागेल.

आमच्या मते आपल्या कारागिरांसाठी गेल्या काही वर्षांतील हा सर्वात मोलाचा निकाल आहे. एक नोंदणी, एक पत्र, एक शपथपत्र एवढाच त्याचा खर्च. पण ते पत्र पहिला हप्ता चुकताच गेले पाहिजे.

माल, मशिने आणि टेम्पो

जंगम वस्तूंचेही नियम आहेत. दागिने किंवा माल ताब्यात देऊन गहाण ठेवला असेल तर १८७२ च्या करार कायद्याचे कलम १७६ लागू होते. वाजवी नोटीस दिल्याशिवाय तो विकता येत नाही, आणि सावकार तो स्वतःच्या नावावर करून घेऊ शकत नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा तेच सांगितले. १९६७ च्या लल्लन प्रसाद विरुद्ध रहमत अली या खटल्यात गहाण माल होता विमानांचे भंगार. सावकाराने माल परत देण्याची तयारी नसताना पूर्ण कर्जाचा दावा लावला. न्यायालयाने सांगितले की माल आणि पैसा दोन्ही ठेवता येणार नाहीत.

मशिने व स्टॉक नजरगहाण असतील तर ताबा तुमच्याकडेच असतो. बँकेला सरफेसीखाली ते न्यायचे तर दोन साक्षीदारांसमोर पंचनामा आणि यादी करावी लागते, आणि यादीची प्रत तुम्हाला द्यावी लागते. नोटीस आल्यावर दुकानात रोजची विक्री चालू ठेवता येते, परंतु माल रातोरात भिवंडीच्या गोदामात हलवता येत नाही. तसे करणारा स्वतःच गुन्ह्यात अडकतो.

टेम्पोच्या बाबतीत कायदा थोडा कर्ज देणाऱ्याच्या बाजूने झुकतो, हे मान्य केले पाहिजे. करारात तशी अट असेल तर वित्त कंपनी गाडी परत घेऊ शकते. पण जोरजबरदस्ती करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००७ मध्ये प्रकाश कौर यांच्या प्रकरणात बँकांना स्पष्ट सुनावले की गाड्यांची वसुली गुंडांकरवी नव्हे, कायद्याच्या मार्गानेच झाली पाहिजे. रिझर्व्ह बँकेने वित्त कंपन्यांच्या करारात नोटिशीची मुदत, ताबा घेण्याची पद्धत आणि विक्रीपूर्वी शेवटची संधी हे सर्व लिहिलेले असावे असे बंधन घातले आहे. वसुली एजंटाने सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, असा ऑगस्ट २०२२ चा आदेश आहे. हायवेवर चावी हिसकावली गेली तर तो वसुलीचा भाग नाही, पोलिसांत तक्रार करण्याचा विषय आहे.

भाड्याच्या गाळ्याचे काय

आपले कितीतरी कारागीर भाड्याच्या गाळ्यात बसतात. कर्ज मालकाने काढलेले असते आणि नोटीस यांच्या दारावर लागते. सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २०१६ रोजी विशाल कलसारिया विरुद्ध बँक ऑफ इंडिया या मुंबईच्याच प्रकरणात सांगितले की भाडे नियंत्रण कायद्याने संरक्षित भाडेकरूला सरफेसीच्या जोरावर बाहेर काढता येत नाही. परंतु २०१९ च्या दुसऱ्या निकालाने तोंडी भाडेकराराची किंमत बरीच कमी केली. नोंदणीकृत करार, बँकेतून दिलेले भाडे आणि पावत्या असतील तर न्यायाधिकरणात भाडेकरूचेही म्हणणे ऐकले जाते. रोखीत भाडे देऊन पावती न घेणाऱ्याचे म्हणणे कशाच्या आधारावर ऐकायचे?

दुसरी बाजू

बँकेचीही एक बाजू आहे, आणि व्यापाऱ्याने ती समजून घेतली पाहिजे. बँकेत पडलेला पैसा आपल्यासारख्याच ठेवीदारांचा असतो. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा स्वतःचेच पैसे काढण्यासाठी म्हाताऱ्या माणसांना रांगा लावाव्या लागल्या. थकलेले कर्ज वसूल झालेच नाही तर उद्या कुणाला कर्ज मिळणार नाही. कर्ज फेडणे ही आपल्या मानेवरची अमानत आहे, आणि ऐपत असून टाळाटाळ करणाऱ्याची वकिली आम्ही करणार नाही.

परंतु त्याच बँकेचे संकट एका मोठ्या बांधकाम समूहाला दिलेल्या कर्जातून आले होते, शिलाई मशिनवाल्याच्या चार हप्त्यांतून नव्हे. मोठ्या कर्जदाराकडे वकिलांची फौज असते. छोट्याकडे फक्त पायऱ्या आणि दिवस असतात. ते दिवस त्याला कळतील अशा भाषेत कळले पाहिजेत, एवढीच आमची मागणी आहे. मागणी नोटीस सहसा इंग्रजीतून येते. जाहिरात मराठीतून छापण्याची सक्ती असू शकते, तर मूळ नोटिशीसोबत मराठी प्रत देण्याची का नसावी? 'तुम्हाला हरकत घेण्याचा हक्क आहे, मुदत अमुक तारखेपर्यंत' हे वाक्य पहिल्या पानावर ठळक का नसावे? न्यायाधिकरणातील पदे वेळेवर भरली जावीत, कारण ४५ दिवसांच्या मुदतीत धावत गेलेल्या माणसाला महिनोन्महिने तारीखच मिळाली नाही तर त्या मुदतीला अर्थ राहत नाही.

आणि काही काम आपले स्वतःचे आहे. आपल्या मशिदींच्या कमिट्या, जमाती, व्यापारी मंडळे यांतून लग्न-मय्यतीसाठी मदत होते, ती चांगलीच गोष्ट आहे. त्याबरोबर आठवड्यातून एक संध्याकाळ नोटीस वाचून देणारा एक वकील आणि एक अकाउंटंट बसवला तर नया नगरपासून काशिमीऱ्यापर्यंत किती गाळे वाचतील याचा विचार करावा. राजकीय दादांच्या ऑफिसात बसून लिलाव थांबत नाही.

शेवटी पुढील गोष्टी कागदावर लिहून गल्ल्यात ठेवा. कोऱ्या कागदावर सही नाही. कर्जासाठी खरेदीखत नाही. प्रत्येक हप्त्याची पावती जपायची. हप्ता चुकणार असे दिसताच बँकेला लेखी कळवायचे आणि पोच घ्यायची. नोटीस आली की त्याच दिवशी पाकिटावर तारीख टाकायची, ६० दिवस मोजायचे, पहिल्या आठवड्यात वकील गाठायचा. ताब्यापासून ४५ दिवस मोजायचे. आणि अल्लाहच्या कृपेने कर्ज पूर्ण फिटले की मूळ कागदपत्रे मागायची. बँकेने आणि वित्त कंपनीने ती ३० दिवसांत परत द्यायची आहेत, आणि तिच्या चुकीने उशीर झाल्यास दिवसाला ५००० रुपये भरपाई द्यायची आहे. १ डिसेंबर २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचा हा नियम लागू आहे. तो मागून घ्यावा लागतो, आपोआप कुणी देत नाही.